लॅबची चावी कोणाकडे? 'अभ्यास की गेम' या भांडणाचा इतिहास

बसमध्ये असाल, लोकलमध्ये लटकत असाल किंवा भांडी घासता घासता ऐकत असाल, सगळ्यांचं स्वागत. आणि जे ऐकायच्या ऐवजी वाचतायत, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हे भागाचं लिखित रूप. बोलताना झालेले 'अं' आणि 'म्हणजे काय तर' तेवढे काढून टाकलेत. सगळे नाही निघाले.

मागच्या महिन्यात ताईचा फोन आला. ताई माझ्यापेक्षा आठ वर्षांनी मोठी, भाचा आठवीत. ताई म्हणाली, "अरे, तू कॉम्प्युटरवाला ना? मग याच्या मोबाइलमध्ये असं काहीतरी टाकून दे, की गेम चालणारच नाहीत. फक्त अभ्यासाचं ॲप चाललं पाहिजे." मागून भाच्याचा आवाज, "मामा, नको ना!" मी म्हटलं, "ताई, रविवारी येतो, बघू."

फोन ठेवला आणि डोक्यात किडा वळवळायला लागला. ताईच्या बोलण्यात एक गोष्ट गृहीत धरलेली होती. अभ्यास एका कप्प्यात, गेम दुसऱ्या कप्प्यात, आणि मध्ये भिंत. आपल्या सगळ्यांच्या घरी हेच ऐकलंय आपण. पण ही भिंत मुळात होती का? थोडं मागे जाऊन बघितलं तर दिसतं, की व्हिडिओ गेमचं अर्धं बालपण शाळा-कॉलेजातच गेलंय.

चला, १९६० पासून सुरू करू.

अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात डोनाल्ड बिट्झर नावाच्या इंजिनिअरने 'प्लेटो' नावाची यंत्रणा उभी केली. हेतू शंभर टक्के शैक्षणिक. विद्यार्थ्याने स्क्रीनसमोर बसायचं, धडा बघायचा, उत्तर द्यायचं, बरोबर की चूक ते मशीन सांगणार. १९७० च्या दशकात या प्लेटोला प्लाझ्मा स्क्रीन आली, तीही बोट लावून चालणारी. तुमच्या-माझ्या जन्माच्या कितीतरी आधी, बरं का.

आता विद्यार्थ्यांच्या हातात एकमेकांना जोडलेली मशीन्स दिली तर ते काय करणार? तेच, जे आपण हॉस्टेलच्या लॅनवर केलं. १९७३ पर्यंत प्लेटोवर गप्पा मारायचा प्रोग्राम होता, चर्चेसाठी जागा होती आणि अनेकांनी एकत्र खेळायचा अंतराळ-युद्धाचा 'एम्पायर' नावाचा गेमसुद्धा होता. १९७५ च्या सुमाराला एकाने तळघरात उतरून राक्षस मारण्याचा गेम लिहिला आणि फाइलला नाव दिलं 'पेडिट५'. नाव इतकं कंटाळवाणं, की कोणालाही वाटावं, असेल कुठल्या तरी धड्याची फाइल. तरी ती सापडली आणि उडवली गेली. पोरांनी नवा गेम लिहिला.

ही गोष्ट मला फार आवडते, कारण यातली पोरं उनाड नव्हती. गेम लिहिता लिहिता ती ग्राफिक्स, नेटवर्क, मेमरी वाचवणं हे सगळं शिकली. त्यांना हे कोणी शिकवलं नाही. यंत्र मोकळं होतं आणि करावंसं वाटणारं काहीतरी समोर होतं, एवढंच.

आता त्याच काळातली दुसरी गोष्ट.

१९७१. अमेरिकेतलं मिनियापोलिस शहर. डॉन रॉविच नावाचा तरुण शिक्षक व्हायचं प्रशिक्षण घेत होता आणि आठवीच्या वर्गाला इतिहास शिकवत होता. म्हणजे नेमकं आमच्या भाच्याचं वय! धडा होता ओरेगन ट्रेलचा. १८४० च्या दशकात हजारो कुटुंबं बैलगाड्यांत संसार भरून, जवळजवळ ३२०० किलोमीटर चालत पश्चिमेला गेली, त्याची कथा. रॉविचने सरळ धडा वाचून दाखवायच्या ऐवजी एक बोर्ड गेम करायला घेतला. त्याच्याबरोबर राहणारे दोघं मित्र, बिल हाइनेमन आणि पॉल डिलनबर्गर, गणित शिकवणारे आणि प्रोग्रामिंग येणारे. ते म्हणाले, हा तर कॉम्प्युटरवर होईल. दोनेक आठवड्यांत गेम तयार.

स्क्रीन नव्हतीच. टेलिटाइप मशीन होतं, म्हणजे टाइपरायटरसारखं यंत्र, जे फोनच्या तारेने लांबच्या कॉम्प्युटरला जोडलेलं. प्रश्न कागदावर छापून यायचा, बैलांवर किती पैसे खर्च करणार? अन्नावर किती? गोळ्यांवर किती? शिकार करायची असेल तर 'बँग' हा शब्द शक्य तितक्या पटकन टाइप करायचा. उशीर झाला तर हरण पळालं.

वर्गात मशीन एकच आणि पोरं तीसेक. मग पोरांनी आपली आपणच कामं वाटून घेतली. ज्याची बोटं भराभर चालतात तो शिकारी, एक जण नकाशा बघणार, एक जण पैशाचा हिशोब ठेवणार. म्हणजे गटकार्य! जे आपल्याकडे प्रोजेक्टच्या नावाखाली एकटी मुलगी करते आणि बाकीचे चार जण सही करतात, ते इथे खरोखर झालं.

सत्र संपलं तेव्हा गेम मशीनवरून काढून टाकला गेला. रॉविचकडे प्रोग्रामचा छापील कागद तेवढा उरला. खरा इतिहास याच्या पुढे आहे. मिनेसोटा राज्याने १९७३ मध्ये शाळांच्या कॉम्प्युटरसाठी 'मेक' नावाची सार्वजनिक संस्था काढली होती. पुढच्या वर्षी रॉविच तिथे नोकरीला लागला. त्याने तो कागद काढून गेम पुन्हा टाइप केला. एवढंच नाही, त्या प्रवाशांच्या खऱ्या डायऱ्या वाचल्या आणि आजारपण, वादळ, चाक मोडणं या गोष्टी किती वेळा घडायच्या त्याचा अंदाज घेऊन गेममधल्या शक्यता ठरवल्या. मग तो गेम राज्यभरच्या शाळांत गेला. १९८५ ची ॲपल कॉम्प्युटरवरची आवृत्ती तर अमेरिकेतल्या एका अख्ख्या पिढीने खेळली. हगवण लागून माणूस मरतो हे त्या पोरांना पुस्तकाआधी या गेमने शिकवलं.

दोष होतेच. हा सगळा प्रवास गोऱ्या प्रवाशाच्या नजरेतून. ज्यांच्या जमिनीवरून या गाड्या गेल्या त्या मूळ रहिवाशांचं काय झालं, हे त्यात जवळपास नाहीच. ते सुधारायला २०२१ ची नवी आवृत्ती यावी लागली, तेव्हा कुठे त्या समाजातल्या इतिहासकारांना विचारलं गेलं. पण असा दोष तर पाठ्यपुस्तकातही असतो.

मुद्दा हा, की तो गेम चालला त्यात तिघा मित्रांच्या हुशारीइतकाच दुसऱ्या तीन गोष्टींचा वाटा होता. पोरांना ओळखणारा शिक्षक, राज्याचा पैसा आणि सगळ्या शाळांना खुली असलेली संस्था. पुढे मेक सरकारच्या हातून खासगी हातात गेली, मग एका मोठ्या सॉफ्टवेअर कंपनीने ती विकत घेतली आणि १९९९ मध्ये तिचं कार्यालय बंद झालं. हे लक्षात ठेवा. मी परत येणार आहे याच्याकडे.

आता आपल्याकडे या.

१९८२ मध्ये ब्रिटनमध्ये बीबीसीने लोकांना कॉम्प्युटर शिकवायला टीव्ही मालिका सुरू केली आणि तिच्या जोडीला एकॉर्न कंपनीकडून एक मशीन बनवून घेतलं, 'बीबीसी मायक्रो'. मेमरी ३२ किलोबाइट. तुमच्या व्हॉट्सॲपवर येणारा गुड मॉर्निंगचा फोटो याच्यात मावणार नाही. हेच मशीन १९८४ मध्ये भारत सरकारच्या 'क्लास' या योजनेतून आपल्या शाळांत आलं. होय, भारतातल्या शाळांत, १९८४ मध्ये!

आणि त्याच वर्षी केंब्रिजच्या दोन विद्यार्थ्यांनी, डेव्हिड ब्रॅबेन आणि इयन बेल यांनी, याच मशीनवर 'एलिट' नावाचा गेम काढला. ३२ किलोबाइटमध्ये आठ आकाशगंगा, प्रत्येकीत २५६ ग्रह, म्हणजे एकूण २०४८. हे सगळे ग्रह साठवायला जागाच नव्हती, म्हणून ते गणिताच्या सूत्राने जागच्या जागी तयार व्हायचे. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला मी हे वाचलं तेव्हा रात्रभर झोपलो नव्हतो.

अजून एक. त्याच एकॉर्नच्या लोकांनी पुढे एक नवा प्रोसेसर बनवायचं ठरवलं. सोफी विल्सन यांनी त्याची पहिली नक्कल बीबीसी मायक्रोवरच बेसिक भाषेत लिहून तपासली. १९८५ मध्ये ती चिप चालू झाली. नाव होतं एआरएम. आत्ता ज्या फोनवर तुम्ही मला ऐकताय ना, त्याच्या आत त्याच घराण्याचा प्रोसेसर आहे. म्हणजे शाळेसाठी बनवलेल्या मशीनचा पणतू तुमच्या खिशात आहे.

मग आपल्या शाळांत काय झालं? एका शाळेच्या वाट्याला मोजकी मशीन्स, शिक्षकांना थोडंसं प्रशिक्षण, सॉफ्टवेअर बहुतेक इंग्रजीत. मशीन महाग. बिघडलं तर जबाबदार कोण? मग उपाय एकच. कुलूप.

मी शाळेत होतो तोपर्यंत वीस वर्षं उलटली होती, पण कुलूप तेच होतं. आमच्या लॅबमध्ये चपला बाहेर काढून जायचं, खिडक्यांना जाड पडदे, कॉम्प्युटरवर प्लास्टिकची कव्हरं. एका मशीनवर चार जण, आठवड्याला एक तास, त्यात पेंटमध्ये घर काढायचं. घर, मागे दोन डोंगर, मध्ये सूर्य. चावी सरांकडे आणि सर बहुतेक वेळा दुसऱ्या तासाला. लॅब होती, पण आमची नव्हती. आणि फीमध्ये मात्र 'संगणक शुल्क' दर वर्षी असायचं.

आमची लॅब होती गल्लीतला सायबर कॅफे. वीस रुपये तास. तिथे मी कीबोर्ड शिकलो, फाइल कुठे असते ते शिकलो, गेम अडकला तर टास्क मॅनेजर उघडून तो मारायचा कसा ते शिकलो. त्याआधी घरी टीव्हीला जोडायचा गेम होता, 'कॅसेट' घालून खेळायचा. बॉक्सवर लिहिलेलं ९९९९ गेम, आत खरे आठ-दहाच, बाकी तेच पुन्हा पुन्हा. ते सगळे जपानी निन्टेंडोच्या मशीनची नक्कल होते हे मला नोकरी लागल्यावर कळलं. बाबांना कॅफेचं कळलं तेव्हा काय झालं, ते सांगत नाही. फक्त एवढंच, की ज्या कॅफेमुळे मी मार खाल्ला, त्याच कॅफेमुळे मला बीटेकला प्रोग्रामिंगची भीती वाटली नाही. दोन्ही खरं आहे.

आता मीडियाकडे वळू, कारण भीती तयार करण्यात त्यांचाही वाटा आहे.

१९७६ मध्ये अमेरिकेत 'डेथ रेस' नावाचा गेम आला. काळ्या-पांढऱ्या पडद्यावर काड्यांची माणसं, त्यांना गाडीखाली चिरडायचं. वर्तमानपत्रांत ओरड झाली, टीव्हीवर चर्चा झाली, आणि परिणाम? गेम आणखी खपला. तेव्हापासून स्क्रिप्ट तीच आहे. मार्च २०१९ मध्ये गुजरातमध्ये राजकोट पोलिसांनी पब्जीवर बंदी घातली आणि बंदी मोडली म्हणून पोरांना अटकही केली. चॅनलवर लाल अक्षरांत 'पब्जीचं वेड'. कोणी विचारलं नाही, की या पोरांना संध्याकाळी दुसरं जायला ठिकाण कोणतं आहे? मैदान कुठे आहे? वाचनालय किती वाजता बंद होतं?

आणि आता ती गोष्ट, जिचा मला मनापासून राग आहे.

पुण्यात सेनापती बापट रस्त्यावर 'बालचित्रवाणी' होती. १९८४ मध्ये सुरू झालेली, म्हणजे क्लास योजनेच्याच वर्षी. मुलांसाठी मराठीत शैक्षणिक कार्यक्रम बनवणारी सरकारी संस्था. तुमच्यापैकी कित्येकांनी सकाळी शाळेला जाण्याआधी दूरदर्शनवर तिचे कार्यक्रम बघितले असतील. कार्यक्रम सगळेच भारी होते असं मी म्हणणार नाही. काही फार रटाळ होते. पण स्टुडिओ होता, कॅमेरे होते, माणसं होती, आणि मराठी मुलांसाठी कार्यक्रम करायचा अनुभव होता. निधी आटत गेला, पगार रखडले आणि २०१७ मध्ये संस्था बंद झाली. आठवतंय ना, मिनेसोटाच्या मेकचं काय झालं ते?

तीन वर्षांनी, मार्च २०२० मध्ये, सगळ्या शाळांना कुलूप लागलं. आणि अचानक राज्याला नेमकं काय हवं होतं? मराठीतून, घरबसल्या, टीव्हीवर दिसेल असं शिक्षण! एमकेसीएलच्या पुढाकाराने जुलै २०२० मध्ये सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' मालिका आली, घरातल्या वस्तू घेऊन शिकवणारी. छान होती. पण विचार करा, ती गरज भागवायला जी संस्था उभी केली होती, ती आपणच नुकतीच मोडली होती.

त्याच उन्हाळ्यात लाखो मुलांच्या हातात पहिल्यांदा स्वतःचा म्हणावा असा मोबाइल आला. कारण काय? ऑनलाइन शाळा. म्हणजे मोबाइल घरात आला तो अभ्यासाच्या दारातून. दोन सप्टेंबर २०२० ला सरकारने पब्जीसह ११८ ॲप्सवर बंदी घातली, कारण दिलं देशाच्या सुरक्षेचं. पुढे त्याच खेळाचा भारतीय अवतार २०२१ मध्ये आला, २०२२ मध्ये तोही थांबला, २०२३ मध्ये परत आला. बंदी येते-जाते. मुलं तिथेच राहतात.

आता तुम्ही म्हणाल, हा गेमवाला गेमचीच बाजू घेणार. थांबा. मी स्वतःविरुद्ध साक्ष देतो.

आधीच्या नोकरीत मी एका अभ्यासाच्या ॲपवर काम केलं. नाव सांगत नाही. माझ्याकडे काम होतं 'स्ट्रीक'चं. रोज ॲप उघडलं तर ज्योत पेटती राहणार, एक दिवस चुकला तर विझणार. रात्री नऊला नोटिफिकेशन, 'तुझी ज्योत विझतेय!' मीटिंगमध्ये आम्ही मोजायचो काय, तर मूल किती दिवस परत आलं. मूल काय शिकलं, हा आकडा त्या स्क्रीनवर नव्हताच. एकदा मी विचारलं, तर उत्तर आलं, ते मोजणं अवघड आहे. मी गप्प बसलो. कोड लिहिला. तो अजून चालू असेल.

म्हणून ताईला हवं असलेलं 'अभ्यासाचं ॲप' आणि तिला नको असलेला गेम, यांच्या आतलं यंत्र मला एकच दिसतं. ओरेगन ट्रेलमध्ये खेळ होता तो निर्णयाचा. बैल घेऊ की अन्न? चुकलो तर परिणाम भोगायचा आणि पुन्हा विचार करायचा. आम्ही ॲपमध्ये तो खेळ घेतलाच नाही. आम्ही घेतली लॉटरी आणि धाक. पैसे टाकून बंद पेटी उघडायची, आत काय निघेल ते नशीब, याला बेल्जियमने २०१८ मध्ये जुगार ठरवलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत गेमिंगचा विकार आहे, आणि ज्याच्या घरी तो आहे त्याला ही चेष्टा वाटत नाही. आपल्या संसदेनेही ऑगस्ट २०२५ मध्ये पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर बंदीचा कायदा केला, आणि त्याच कायद्यात ई-स्पोर्ट्सला मान्यता दिली. मला तो फरक करणं महत्त्वाचं वाटतं. सगळे गेम एका माळेचे मणी नाहीत. सगळी अभ्यासाची ॲप्सही नाहीत.

तर मग रविवारी काय झालं?

गेलो. ताईने पोहे दिले आणि मोबाइल समोर ठेवला. मी तिच्यासमोरच दोन गोष्टी केल्या. गेमची आणि अभ्यासाच्या ॲपची, दोन्हीची नोटिफिकेशन बंद केली. खात्याला जोडलेलं कार्ड काढलं. झोपायच्या वेळी मोबाइल हॉलमध्ये राहील हे तिघांनी मिळून ठरवलं. गेम काढला नाही. ताई खूश नव्हती.

मग भाच्याचं इतिहासाचं पुस्तक उघडलं. पानिपत. त्याला तारीख पाठ होती, १४ जानेवारी १७६१. एक मार्काला येते म्हणे. मी वही घेतली आणि म्हटलं, चल, तू सदाशिवरावभाऊ. फौज दख्खनमधून निघालीय. तिजोरीत एवढे पैसे, एवढे घोडे, एवढं धान्य. बरोबर बायका-मुलं आणि यात्रेकरू आहेत. त्यांना घेणार की मागे ठेवणार? वाटेत फासे टाकायचे. ऑक्टोबर १७६० मध्ये त्याने कुंजपुरा जिंकलं, धान्य मिळालं, भाचा उड्या मारायला लागला. मग मी सांगितलं, अब्दाली बागपतला यमुना उतरून तुझ्या मागे आलाय, दक्षिणेचा रस्ता तुटला. आता रोजचं धान्य मोज.

डिसेंबरमध्ये त्याची जनावरं मरायला लागली. तो गप्प झाला. मग म्हणाला, "मामा, मी यात्रेकरूंना मथुरेलाच सोडून पुढे जायला पाहिजे होतं. पण त्यांना एकटं सोडलं असतं तर त्यांना कोणी वाचवलं असतं?"

ताई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. काही बोलली नाही. थोड्या वेळाने येऊन म्हणाली, "पुढचा डाव मी खेळते."

फासे, वही आणि पेन्सिल. खर्च तीस रुपये. रॉविचला जमलं, आपल्यालाही जमतं, फक्त कोणीतरी तासभर बसायला लागतं. दर रविवारी मला जमणार नाही. प्रत्येक घरात मामाही नसतो. म्हणूनच मला वाटतं हे काम शाळेचं आहे, आणि शाळेच्या मागे उभ्या राहणाऱ्या संस्थेचं. बालचित्रवाणीसारखी संस्था आज असती आणि तिला मराठीतले असे खेळ बनवायला पैसे दिले असते, तर? माझ्यासारखे किती तरी डेव्हलपर शनिवार-रविवार फुकट कोड लिहून देतील. मी पहिला.

तोपर्यंत, तुमच्या शाळेच्या लॅबची चावी कोणाकडे होती ते मला नक्की कळवा. आणि घरात एखादा आठवीतला पोरगा किंवा पोरगी असेल, तर मोबाइल हिसकावण्याआधी एकदा विचारा, "काय खेळतोयस? मला शिकव." उत्तर ऐकायला वेळ काढा मात्र.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या.